घास जाते, थुंकी अडते

आमच्या भागात माणूस गेलं की त्या दिवशी घरात चूल पेटत नाही. भावकीतून पिठलं-भाकर येते. तिला कडू घास म्हणतात. घरच्या कर्त्या माणसानं पहिला घास मोडायचा, मग बाकीच्यांनी. तोवर सगळे हात धुऊन बसलेले असतात आणि ताटाकडं नाही, तुमच्या तोंडाकडं बघत असतात.

मी खाल्लं. खोटं कशाला लिहू. बायकोला जाळून आलो, आंघोळ केली, आणि कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकर पिठल्यासंगं खाल्ली. भूक लागली होती. सकाळपासून पोटात चहाशिवाय काही नव्हतं. एक भाकर संपली, ताटात दुसरी कोणी टाकली ते मी पाहिलंही नाही, तीही गेली. लोकांना वाटलं, बरं झालं, म्हातारा सावरला. मी हात धुतला, भिंतीला टेकलो, नुसती थुंकी गिळली, आणि ती अडली.

तिथून हे सुरू झालं.

बोराची बी असावी एवढं काहीतरी. गळ्याच्या खळगीच्या जरा वर. दुखत नाही, टोचत नाही. खाकरलं तर निघत नाही, गिळलं तर जात नाही. जेवताना नसते. पाणी पिताना नसते. तोंड रिकामं झालं की आलीच. शेतात वांग्याला पाणी देत असलो, दांड फोडायच्या आधी क्षणभर उभा राहिलो, की तेवढ्यात गिळून बघायचो, आहे का. असायची.

मी चौथीपर्यंत शिकलो. तिथं ‘मले’ म्हटलं की मास्तरनं कान पिळला आणि ‘मला’ लिहायला लावलं, म्हणून हे असं लिहितो. बोलतो तसं लिहिलं असतं तर जास्त खरं झालं असतं. असो. मला एवढंच सांगायचं आहे की बोलण्यानं आमच्या घराचा घात केला. एका साध्या बोलण्यानं.

बायकोचं दुखणं अन्ननळीचं होतं. सुरू झालं तेव्हा ज्वारी हुरड्यात आली होती. त्याच्या थोडं आधी पोरगा त्याच्या लेकीला पुण्याला घेऊन गेला. ही नात आमच्याकडंच वाढलेली. रांगली इथं, अंगणवाडीत गेली इथं, आणि बोलायची आमच्यासारखी. पोराला ते खपेना. म्हणाला, “आई, ती उद्या शाळेत ‘का’ऐवजी ‘काऊन’ म्हणाली तर मुलं हसतील.” नेली. घर एकदम रिकामं झालं. आणि त्यानंतर आमची बुढी एक दिवस म्हणाली, “मले घास उतरत नाही.”

आता मराठी माणसाला विचारा, याचा अर्थ काय. बाईचं लेकरू दूर गेलं आणि बाई म्हणते घास उतरत नाही. दुसरा अर्थ कोण काढेल? आम्हीही नाही काढला. शेजारपाजार आला. माझी वहिनी, म्हणजे थोरल्या भावाची बायको, विधवा आहे, भिंतीपलीकडं राहते, ती येऊन बुढीच्या पाठीवर हात फिरवून गेली. “माया असते वं. होते असं. माही पोरगी सासरी गेली तवा मले बी उतरत नोहता.” गावातल्या डॉक्टरनं पित्ताच्या गोळ्या दिल्या आणि वर म्हणाला, “मावशी, मन रमवा, भजनात जात जा.” ती गेली. हिच्यासारख्या देवाधर्माची टाळाटाळ करणाऱ्या बाईनं भजनात बसावं म्हणजे काय झालं असेल बघा. आल्यावर म्हणाली, “टाळ कुटून घास उतरते काय? सांगनाऱ्याले अक्कल नाही.”

मी हसलो. मलाही वाटलं, नातीची आठवण.

पोराला कळवलं. त्यानं फोनवर नातीला समोर बसवलं. त्या दिवशी ओट्यावर मी फोन धरला होता आणि बुढी ताट घेऊन बसली होती. नात म्हणाली, “आजी, माझ्यासमोर जेव. मी बघते.” आमच्या बोलीत ‘मी पाह्यतो’ म्हणणारी पोर, थोड्याच दिवसांत ‘बघते’ झाली होती. बुढीनं भाकर मोडली, वरणात बुडवली, तोंडात घातली. चावली. मान हलवली. हसली. तोंड भरलेलं ठेवूनच नातीचं सगळं ऐकलं, शाळेतली बाई, रिक्षावाले काका, खालच्या मजल्यावरचं कुत्रं. फोन बंद झाला. बुढी उठली, न्हाणीत गेली आणि तो घास हातावर काढला. जसा घातला तसा. थोडा मऊ, एवढाच फरक.

मी मागं उभा होतो. म्हटलं, “काय झालं वं?”

“कित्ती डाव सांगू? घास उतरत नाही.”

“अवं, नातीची आठवन—”

“आठवन कायची! उतरत नाही म्हंजे उतरत नाही. हितं.” आणि तिनं छातीच्या मधल्या हाडावर बोट टेकवलं. बोटाला वरण लागलं होतं. पातळावर त्याचा डाग पडला.

तेव्हा मला कळलं की ही बाई केव्हाची मराठीत बोलत होती आणि आम्ही सगळे तिच्या बोलण्यात गाणी ऐकत होतो.

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं मी तिला बुलडाण्याला नेलं. मोताळा मागं टाकलं, घाट चढलो. तोंडातून दुर्बीण घातली. फोटो काढून हातात दिला. त्या फोटोत काय होतं ते मला डॉक्टरनं सांगायची गरज पडली नाही. कपाशीच्या बोंडात अळी शिरल्यावर आतून जसं दिसतं, तसं होतं.

पुढचं मी लिहीत नाही. ज्यांच्या घरी झालं त्यांना माहीत आहे, ज्यांच्या घरी नाही झालं त्यांनी माहीत करून घेऊ नये. पोळ्याच्या आधी ती गेली. शेवटी पाणीसुद्धा कापसाच्या बोळ्यानं ओठाला लावत होतो.

गावात म्हणतात, म्हाताऱ्यानं उशीर केला. तोंडावर नाही म्हणत. पाठ वळली की म्हणतात. मी त्यांना एवढंच विचारतो, तुमच्या घरची बाई उद्या म्हणाली की घास उतरत नाही, तर तुम्ही गाडी काढाल का? नाही काढणार. तुम्ही म्हणाल, “कोनाची चिंता करून राह्यली वं?” मग मला काय शिकवता.

तर माझ्या गळ्यात बी आली. आणि मी ती कोणाला सांगायला गेलो, तिथं उलटा तमाशा झाला.

स्टँडवरच्या हॉटेलात माझ्या वयाचा एक जण बसतो. आमची लहानपणापासूनची ओळख, म्हणून तोंडाला कुलूप नाही. त्याला म्हटलं, “गया दाटल्यावानी होते बे. गोयाच आल्यावानी.”

आता याचाही मराठीत अर्थ आहे की नाही? बायको गेलेला माणूस म्हणतो गळा दाटतो, गोळा येतो. शेंबडं पोरगंही सांगेल, रडू येतं. पण हा बुढ्या चहा खाली ठेवून माझ्याकडं डोळे फाडून पाहायला लागला.

“दाखवलं का?”

“कोनाले दाखवू? गोया हाय, गाय नोहे बाजारात दाखवाले.”

“हासू नको. तंबाखू खाते तू, जलमापासून. बुढीले तेच झालं होतं. घरात एकाले झालं की दुसऱ्याले धरते म्हन्तात.”

“तो काय गोचीड हाय?”

पण त्यानं ऐकलं नाही. दुपारपर्यंत गावात झालं, याला बी तेच निघालं. भांडी वेगळी ठेवा इथपर्यंत मजल गेली. पानटपरीवाल्यानं मला तंबाखूची पुडी देताना हात आखडला. उपकार करत होता.

इथं एक गोष्ट सांगून टाकतो, म्हणजे पुढचं समजेल. लोकांना वाटलं मी भ्यालो. मी भ्यालो नव्हतो. मला आशा होती. तेच असावं, आणि लवकर असावं. एवढी वर्षं तिच्या मागून ताटावर बसलो नाही, तीच माझ्या मागून बसली. एकदा तरी तिच्या मागून जावं, त्याच वाटेनं. मी रोज गिळून बघत होतो ते म्हणून. बी आहे ना, हलली तर नाही ना.

फक्त एक गोष्ट खटकायची. घास जात होता. सरळ जात होता. ठेचा-भाकर खाल्ली तर कुठं थांबत नव्हती. मी मनाला सांगायचो, सुरुवातीला असंच असेल.

दिवाळीला पोरगा एकटाच आला. गावानं त्याला आधीच फोन केले होते. आल्या आल्या माझ्या गळ्याला हात लावून बघायला लागला, जसं म्हशीच्या गळ्यातलं दावं सैल आहे का बघावं तसं.

“बाबा, मला सांगितलं का नाही?”

“काय सांगू? तुह्या मायनं सांगतलं तवा तू फोनवर पोरगी दाखवली. मले काय दाखवशीन, कुत्रं?”

त्यानं गळ्यावरचा हात काढून घेतला. मला बरं वाटलं. असं वाटणं चांगलं नाही, पण वाटलं.

त्यानं मला उपाशीपोटी नेलं. दुर्बिणीला लागतं म्हणाला. घाट चढताना कानात दडे बसले, तो म्हणाला, “गिळा बाबा, कान सुटतील.” मी गिळलं. कान सुटले. बी होती. खिडकीतून खाली पाहिलं, तर सगळीकडं सोयाबीन काढून झालेलं, रानं उघडी पडलेली. ती माझ्या शेजारी खिडकीकडं बसली होती त्या वेळी सोयाबीन नव्हतं, पळसाला फुलं होती, आणि ती म्हणाली होती, “परत येतानी थांबू, रंगाले तोडू थोडी.” परत येताना कोण थांबतं.

कान-नाक-घशाची डॉक्टरीण तरणी होती. माझ्या पोरापेक्षा बरीच लहान वाटावी अशी. बोलायला पुण्याची. तिनं विचारलं, “आजोबा, गिळताना त्रास होतो? घास अडतो?”

मी म्हटलं, “घास जाते. थुंकी अडते.”

तिनं लिहिता लिहिता मान वर केली. “परत सांगा.”

“घास जाते, पानी जाते. थुंकी अडते.”

आणि ती हसली हो. वाईट हसली नाही, सुटल्यासारखी हसली. पोराकडं बघून म्हणाली, “ऐकलंत? निम्मं निदान यांनीच केलं.” मला राग आला. माझ्या थुंकीत हसण्यासारखं काय होतं?

पोरगा म्हणाला, “मॅडम, आईला अन्ननलिकेचा...” त्यापुढचा शब्द त्याला निघेना. ती म्हणाली, बरं, दोन्ही बघून घेऊ, मनात शंका नको.

आधी नाकातून बारीक नळी घातली. समोरच्या पडद्यावर माझा गळा दिसत होता. ओला, लालसर, विहिरीत वाकून बघावं तसा. मी सगळीकडं नजर फिरवली. काही नव्हतं. मग पोटाच्या डॉक्टरकडं तोंडातून. बुढीला नेली होती तीच खोली. तीच खाट. त्याआधी घशात फवारा मारला, त्यानं गळा बधीर झाला. जीभ कोणा दुसऱ्याची. मी सवयीनं गिळलं, आणि बी नव्हती.

मला दरदरून घाम फुटला. नळीची भीती वाटली असेल म्हणून नर्सबाईनं हात धरला. तिला कसं सांगू? एवढ्या दिवसांत पहिल्यांदा गळा मोकळा होता आणि बुढीला जिथं जाळलं तिथं मला एकट्याला सोडून गाडी निघून गेल्यासारखं झालं.

दोन्हीत काही निघालं नाही.

डॉक्टरीणबाईनं परत बसवून समजावलं. असं होतं म्हणे, खूप लोकांना होतं. पोटातलं आंबट वर येऊन घसा सुजतो. तंबाखू-चुन्यानं कोरडा पडतो. नाकातलं मागून घशात उतरतं. सारखं खाकरून, सारखं गिळून बघून गळ्याच्या नसा आवळून जातात, आणि आवळल्या की गोळा वाटतो, वाटला की माणूस परत गिळून बघतो. कधी गळ्यातली ती गाठ, थायरॉइडची, वाढते. ती तिनं बोटांनी चाचपून पाहिली, नव्हती. आणि कधी मनाचं असतं.

एका बोराच्या बीला इतके बाप.

“घरात कोणी गेलं का अलीकडं?” तिनं विचारलं. पोरानं सांगितलंच होतं, तरी माझ्या तोंडून पाहिजे होतं तिला.

“काऊन?”

“दुःखानं होतं असं, आजोबा. आवंढा येतो ना, तो येतो आणि जातो. काहींचा जात नाही.”

“मंग मले रोग नाही?”

“नाही. कॅन्सर नाही, काही नाही. घाबरू नका. जेवणाआधी एक गोळी घ्या, तंबाखू सोडा, चहा कमी करा. गिळून बघावंसं वाटलं की पाण्याचा घोट घ्या, कोरडं गिळू नका. हळूहळू जाईल.” मग बोट वर करून म्हणाली, “मात्र घास अडायला लागला, भाकरी उतरेना झाली, वजन घटलं, तर थांबायचं नाही. त्याच दिवशी यायचं.”

भाकरी उतरेना झाली तर. म्हणजे तिचंच वाक्य. त्या वाक्याला या खोलीत किंमत होती, त्याच दिवशी यायचं एवढी. आमच्या ओट्यावर त्याच वाक्याला भजन होतं.

मी तिथं बसून हिशोब जुळवला. तिच्या बोलण्यात सगळ्यांनी दुःख ऐकलं आणि आत रोग होता. माझ्या बोलण्यात सगळ्यांनी रोग ऐकला आणि आत दुःख निघालं. तिच्यावर सगळ्यांनी माया केली आणि ती मेली. माझी सगळ्यांनी तपासणी केली आणि मी जिवंत आहे. आमच्या भाषेनं आमची ताटं बदलली.

बाहेर आलो तर पोरगा रस्त्यातच फोन लावत होता. एकाला, दुसऱ्याला, तिसऱ्याला. “काही नाही निघालं. हो, क्लिअर.” डोळे पुसत होता. त्याचं चुकलं असं मी म्हणत नाही. त्याची माय गेली, बाप राहिला, तो खूश होणारच. स्टँडसमोर त्यानं पेढे घेतले, भावकीत वाटायला. डबा उघडून एक माझ्या तोंडापुढं धरला.

“घ्या बाबा. सकाळपासून उपाशी आहात.”

बापाला कॅन्सर नाही म्हणून पेढे. मी म्हटलं, “तुह्या मायले निघाला तवा काय वाटलं होतं रे, शेव?”

“बाबा, बस करा ना.” त्याचा हात तसाच पुढं. लोक बघत होते. मी पेढा खाल्ला. भूक लागली होती. पेढा गेला, कुठं थांबला नाही. फवाऱ्याचा अंमल उतरत आला होता. मी थुंकी गिळली. आधी नुसती शंका आली, मग बी आली. आपल्या जागी, खळगीच्या वर. मी डोळे मिटले. पोराला वाटलं गाडी लागेल, त्यानं गाडीत खिडकीची जागा दिली.

घरी आलो तेव्हा उन्हं कलली होती. वहिनी अंगणात लाल मिरचीचे देठ मोडत बसली होती. पोरानं तिच्या हातावर पेढा ठेवला, सांगितलं आणि आत गेला. तिनं पेढा कपाळाला लावला, पदराच्या टोकाला बांधला. मिरचीचे हात म्हणून खाल्ला नाही.

“म्या म्हन्लंच होतं,” ती म्हणाली. “तुमाले काई होत नाही भाऊजी. तुमी दगड हा.”

“हाव. दगडच.”

“तसं नोहे. मले बरं वाटलं म्हून म्हन्लं.” देठ मोडता मोडता ती थांबली. “मंग आता तरी घास उतरते नं तुमाले?”

तिनं ते आपल्या बोलीत विचारलं होतं. म्हणजे दुःख हलकं झालं का, असं. तीच ती वहिनी, तेच तिचं बोलणं, तोच पाठीवर फिरणारा हात. पण मी आता त्या बोलण्यात गाणी ऐकत नाही. जे विचारलं त्याचंच उत्तर दिलं.

“घास तं पह्यल्या दिवसापासून उतरते वैनी. तिले जाळून आलो तवा बी उतरला, दोन भाकरी. आज बी पेढा उतरला. एकडाव अडला नाही. तोच तं तरास हाय.”

तिच्या डोळ्यात पाणी आलं. मिरचीनं असेल. तिनं पदर लावायला हात उचलला आणि मिरची आठवून परत खाली घेतला.

थोड्या वेळानं तिनं ताट आणलं. वांग्याची भाजी, भाकर. ताटाशेजारी पोरानं गोळी ठेवली होती, पाण्याचा पेला ठेवला होता. मी गोळी घेतली. नातीला सांगेल तो, आजोबा ऐकत नाहीत म्हणून, त्यापेक्षा घेतलेली बरी. मग भाकर मोडली, भाजीत बुडवली, तोंडात घातली. चावली. पोरगा माझ्या तोंडाकडं बघत होता, हा खातो की नाही. मी मान हलवली.

गेला. दुसराही गेला. वांगं चांगलं झालं होतं.